होळकर पुलावरून चालण्यात अर्थ आहे का? आहे!

तुम्ही विचारलंय, नाशिकमध्ये एकच संध्याकाळ हाताशी आहे, होळकर पुलावरून चालत जावं का, की तिथे नुसती रहदारी आहे. जा. रहदारी आहेच, पण गोदावरीवरचा १८९५ चा पूल आहे तो, व्हिक्टोरिया पूल म्हणून बांधलेला, आणि आजही अख्खी पंचवटी त्यावरून गावात ये-जा करते.

आमचे अण्णा निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी मालेगाव स्टँडकडून निघायचे, पूल ओलांडून रविवार कारंजा, चांदीच्या गणपतीला नमस्कार, आणि परत. २ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला मोठा पूर आला. त्याच रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एस.टी. गाड्यांसकट वाहून गेला. दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडवरून दादाचा फोन: "आता अण्णांना त्या पुलावर पाठवायचं नाही. इकडे जॉगिंग ट्रॅकवर आणत जा."

अण्णांनी ऐकून घेतलं. पाणी ओसरून रहदारी सुरू झाल्यावर मला म्हणाले, चल. कठड्याशी उभे राहून खाली कमानींच्या दगडावर चढलेली गाळाची रेघ बघत बसले. दगडाच्या सांध्यात पाणवनस्पतींच्या जुड्या अडकल्या होत्या, एक कुणाची तरी फाटकी छत्रीसुद्धा. मग म्हणाले, "एकोणसत्तरचा पूर मी इथनंच पाहिलाय." आणि गणपतीकडे निघाले.

ट्रॅकवर व्यायाम होतो, नाकारत नाही. पण तिथे अण्णांना "काय अण्णा, आज उशीर?" असं कोण विचारणार होतं? म्हाताऱ्या माणसाला सुरक्षित ठेवायचं म्हणून त्याच्या ओळखीच्या रस्त्यावरून उचलायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पुलाची काळजी असेल तर त्याच्या तपासणीचा हिशेब महापालिकेला विचारा, बापाला घरात कशाला बसवता?

तर, पंचवटीकडून चढा. डाव्या हाताला खाली रामकुंड, उजव्या हाताला नदी वरून येते, सूर्यही त्याच अंगाला उतरतो. पलीकडे उतरताच १७५६ चं सुंदरनारायण मंदिर. पुलावरून नदी मात्र निर्माल्य पडू नये म्हणून लावलेल्या जाळीतून बघावी लागते, फोटो नीट येत नाहीत. रामकुंडावरची आरती गाठायची असेल तर दिवेलागणीच्या आधी निघा.

हो, गर्दीच्या वेळी हॉर्नने कान किटतात. लहान मुलं असतील तर हात सोडू नका. आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं असेल, पुराची खूण मानला जाणारा नदीतला दुतोंड्या मारुती बुडायला लागला असेल, तर पुलावर जाऊच नका, पोलीस अडवतात ते बरोबरच करतात. एवढं दादाचं मला मान्य आहे.

पण दादा, तू हे वाचणार आहेस म्हणून लिहितो: अण्णांनी पूल सोडला तो पुढे गुडघे गेले म्हणून. तुझ्या फोनमुळे नाही.