बर्फ नसला तरी दंव आहे

प्रिय मित्रा,

शाळेतल्या मुलांना थंडीतला पहिला बर्फ उघड्यावर दाखवावा, असं तुझ्या मनात आहे. आपल्या किनाऱ्यावर तो मिळायचा नाही. समुद्र उशाशी, हवा दमट. पारा तेवढा उतरतच नाही. पण बेत सोडू नकोस. त्यांना दंव दाखव.

घाटावर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत हेच दंव गोठतं. आणि तेव्हा डोक्याच्या उंचीवरची हवा शून्याच्या तीन-चार अंश वरही असू शकते! निरभ्र, निवांत रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहतात आणि हवेपेक्षा थंड होतात. आपल्याकडेही तेच घडतं, फक्त शून्यापर्यंत पोचत नाही. हे मुलांनी पुस्तकात वाचण्याआधी स्वतः मोजावं, असं मला फार वाटतं.

भातकापणी आटोपली की दोन थर्मामीटर घे. एक गवतावर आडवा ठेव, दुसरा 4 फुटांवर काठीला बांध. संध्याकाळीच पेंढ्यावर स्टीलची दोन ताटं मांड, एक उघड्यावर, एक आंब्याखाली. उजाडताना जा, पारा त्याच सुमारास सगळ्यात खाली असतो. उघड्यावरचं ताट बोटाने नाव लिहिता येईल इतकं ओलं असेल, आंब्याखालचं बहुधा कोरडं. कारण लगेच सांगू नकोस. त्यांना वर बघू दे. एखादी ढगाळ पहाटही मुद्दाम घे, म्हणजे आंब्याचं छत आणि ढगांचं छत त्यांचं त्यांनाच जुळवता येईल.

वहीत तारीख, दोन्ही तापमानं, आभाळ आणि वारा लिहून घे. मतलई वारा (रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) जोरात असेल तर दंव कमी पडतं, म्हणून वारा विसरू नकोस. त्याच वहीत शाळेजवळच्या एका हापूसला पहिला मोहोर कधी दिसला तेही टिपा. मोहोर थंडीवर येतो हे ती घरी रोज ऐकतात. इथे आकडे शेजारी-शेजारी दिसतील. वही एकच ठेव, पुढच्या वर्गाला तीच दे.

आणि जागा शाळेच्या अंगणातलीच निवड. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फुरसं हा विषारी साप असतो, अंधारात दगडाच्या रंगात मिसळून जातो. पेंढा हाताने उचलू देऊ नकोस, आधी काठीने हलव. पायात बूट हवेत, प्रत्येक गटाकडे बॅटरी हवी, आणि पालकांना आदल्या दिवशी चिठ्ठी.

तुझा,
सर