जुन्या फियाटच्या डॅशबोर्डवरचा ऑइल पेंट कसा काढावा?

आजोबांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट. मधल्या काळात कुणीतरी डॅशबोर्ड, दारांची हँडलं, नॉब सगळ्यावर ब्रशने काळा ऑइल पेंट फासलाय. रिमूव्हर (रंग सोडवणारं रसायन) आणलाय, सगळीकडे लावू का, असं तुम्ही विचारलंय.

कृपया थांबा. आधी ग्लव्ह बॉक्सचं झाकण उघडून आतल्या कडा बघा. तिथे सहसा ब्रश पोचलेला नसतो. माझ्या गाडीत तिथे फिकट पिस्ता रंग निघाला, कंपनीचा, जसाच्या तसा. तो रंग खाली शाबूत असेल तर तो वाचवणं हेच खरं काम आहे, आणि रिमूव्हर वरचा थर आणि खालचा थर असा भेद करत नाही. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, जिथे दिसत नाही तिथे, १००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) साबणाच्या पाण्यात बुडवून हलकेच फिरवून बघा. खालचा रंग न घासताच वरून ऑइल पेंट फासलेला असेल, तर तो पापुद्र्यासारखाही सुटतो. वेळ लागतो. मला डॅशबोर्डला चार रविवार लागले.

कोरडं मात्र अजिबात घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं, आणि ती धूळ घरात लहान मुलं असतील तर फार वाईट.

आता प्लास्टिक. आधी ते ओळखा: लोहचुंबक चिकटला तर पत्रा. नाही चिकटला तर प्लास्टिक असेल किंवा जस्ताचा ओतीव भाग. हातात जड आणि गार लागला तर धातू. मी एका प्लास्टिकच्या नॉबला रिमूव्हर लावला आणि पाच मिनिटांत तो च्युइंगमसारखा मऊ झाला. तसा नॉब मला पुन्हा मिळाला नाही. पूर्वी पद्मिनी टॅक्सी (पद्मिनी म्हणजे याच फियाटचं पुढचं नाव) भंगारात निघायच्या तेव्हा सुटे भाग सापडायचे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या मुंबईच्या रस्त्यावरूनच गेल्या. म्हणून प्लास्टिकला थिनरही नको. कोमट साबणपाणी आणि जुनं एटीएम कार्ड, नाहीच निघालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही आधी मागच्या बाजूला लावून.

क्रोमची धातूची हँडलं काढून घ्या आणि त्यांना खुशाल रिमूव्हर लावा. वर पॉलिथिन गुंडाळून वीस मिनिटं ठेवलं की रंगाला दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात, मग लाकडी पट्टीने ओढा. तारेचा ब्रश नको, कॉस्टिक सोडाही नको. हे सगळं अंगणात करायचं. गाडीत बसून, दारं लावून कधीच नाही, त्या वाफा जिवावर बेतू शकतात. दवाखान्यातल्या पातळ हातमोज्यांतून रिमूव्हर आरपार येतो, तेव्हा रसायनांसाठीचे जाड मोजे घ्या.

डॅशबोर्डचा पत्रा एखाद्या ठिकाणी उघडा पडलाच, तर थिनरने पुसून त्याच दिवशी प्रायमर मारा. पावसाळ्यात रात्रभर ठेवलात तर सकाळी तांबूस गंज चढलेला दिसेल.