समुद्रात खांबाखालची वाळू किती खोल जाते?

प्रश्न : माझा मुलगा समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर आहे. प्रवाहाने खांबाच्या बुडाची वाळू उकरली जाते, असं तो सांगतो. खड्डा किती खोल जाईल हे आधी कसं कळतं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : माझी सगळी नोकरी भीमा-सीनेवरच्या पुलांवर झाली, म्हणून तिथूनच सांगतो. पाणी उतरलं की पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात पुलाच्या खांबापाशी जाऊन बघा. खांबाला लागून खोलगट जागा दिसते. तिथे लोखंडी सळई खोचली तर ती भुसभुशीत वाळूत सहज आत जाते आणि खाली एकदम अडते. पुरात खड्डा तिथवर गेलेला असतो. पूर ओसरताना वाहत आलेल्या वाळूने तो बुजतो.

हे काम भोवऱ्याचं. पाणी खांबावर आदळतं, खाली वळतं आणि बुडाशी नालेच्या आकाराचा भोवरा खांबाला वेढतो.

नदीच्या पुलांना आपण लेसीचं सूत्र लावतो. त्यात पुराचा विसर्ग आणि तळाच्या गाळाचे कण येतात, खांबाचा व्यास येतच नाही. समुद्रात मात्र व्यासच मुख्य. वाळूच्या तळावर, स्थिर प्रवाहात खड्डा सरासरी व्यासाच्या 1.3 पट जातो, म्हणजे 6 मीटरच्या खांबाला जवळजवळ 8 मीटर. प्रत्यक्ष मोजमापं या सरासरीच्या बरीच खाली-वर जातात, त्यामुळे डिझाइनला व्यासाच्या दुप्पट धरणं मला योग्य वाटतं. नुसत्या लाटांनी एवढा खड्डा पडत नाही. पाणी पुढे-मागे थोडंच सरकतं, जाड खांबाभोवती भोवरा तयारच होत नाही. चिकणमातीला हे आकडे लावू नका, तिचे नमुने प्रयोगशाळेतच तपासावे लागतात.

खरी काळजी बुजलेल्या खड्ड्याची आहे. वादळानंतर मोजणी केली तर तळ सपाट दिसतो, पण भरलेली सैल वाळू खांबाला पूर्वीसारखा आधार देत नाही. म्हणून खांबावरच सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली मोजणारं यंत्र, बसवून सतत मोजतात. शिवाय आधार कमी झाला की मनोऱ्याच्या कंपनांची वारंवारता घटते, तीही नोंदवतात.

वाळू उकरली जाऊ नये म्हणून खांबाभोवती दगड टाकले तरी खाली बारीक खडीचा थर हवाच, नाहीतर दगडांच्या फटींतून वाळू निसटते आणि दगड खचतात. आणि दगडांच्या कडेला नवी धूप सुरू होते. मुलाला सांगा, मोजणी त्या कडेच्याही पलीकडे न्यायला.