गोळी नऊ वर्षे चालू, डोळ्यांची तपासणी मात्र नाही

प्रश्न : संधिवातासाठी नऊ वर्षे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेते आहे. डोळे तपासायला कुणी सांगितले नाही. दीड वर्षापासून वाचताना मधली अक्षरे पुसट दिसतात. आठ महिन्यांपूर्वी नेत्रतज्ज्ञांनी ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचे स्कॅन) करून, गोळीमुळे पडदा खराब झाल्याचे लिहून दिले. दावा करता येईल का, की मुदत गेली? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ताई, दाव्याचे नंतर बघू. तो अहवाल संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवला नसेल तर याच आठवड्यात दाखवा. पडद्याचे हे नुकसान भरून येत नाही आणि गोळी थांबल्यावरही वाढू शकते. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मुदत गेलेली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९नुसार ती दोन वर्षांची असते. नुकसान लपलेले असेल तर ते कळल्यापासून मुदत मोजता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या श्रीखंडे खटल्यात विचारात घेतले. तरीही तिथली रुग्ण हरली, कारण वर्षानुवर्षे दुखत असूनही तिने चौकशी केली नव्हती. समोरचा वकील तुमची मुदत अक्षरे पुसट झाली तेव्हापासूनच मोजेल. म्हणून हाताशी सहाच महिने आहेत असे धरा.

गोळी दिली यात हयगय नाही. संधिवातात ती योग्यच औषध आहे. मुद्दा देखरेखीचा. अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलेली पद्धत अशी : पहिल्या वर्षात एकदा डोळे तपासायचे, पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी, आणि रोजचा डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत. मूत्रपिंड कमजोर असेल तर वार्षिक तपासणी आणखी लवकर सुरू करायची. त्यामुळे जुने वजन, क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचे) रिपोर्ट, सगळ्या चिठ्ठ्या आणि मेडिकलची बिले गोळा करा. चिठ्ठ्यांचे कोपरे नीट वाचा. ‘आय चेकअप’ एवढे दोन शब्द कुठे लिहिलेले निघाले तर दाव्याचा पायाच हलेल.

आता एक अवघड प्रश्न. या नऊ वर्षांत डॉक्टरांकडे किती वेळा गेलात? जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणत राहिला असाल, तर ते वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा. उलटतपासणीत ते बाहेर येणारच.

दुसऱ्या संधिवाततज्ज्ञांचे लेखी मत घ्या आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. उपचारांसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सगळ्याच रुग्णांना पूर्ण मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले असतील तर मात्र आयोगाकडे जाता येणार नाही, दिवाणी दावा करावा लागेल. पोलिसांत जाऊ नका. फौजदारीसाठी घोर हयगय सिद्ध करावी लागते आणि तुम्ही सांगितलेल्या हकिकतीत मला ती दिसत नाही.