जर्मनीत मास्टर्सला चाललोय, ओळखीच्या सीनियरकडे खोली मिळतेय. घ्यावी का? आणि तिथे रुळायला किती वेळ लागतो?

वयाने लहान असशील असं धरून अरे-तुरे करते. रुळायला किती वेळ लागतो ते माणसागणिक वेगळं, त्यावर मी काय सांगणार? पण "ओळखीच्या सीनियरकडे" हे वाचलं आणि राहवलं नाही. खोली घे, पण आधी त्याला एकच विचार: अन्मेल्डुंगसाठी, म्हणजे राहत्या पत्त्याच्या सरकारी नोंदणीसाठी, घरमालकाच्या सहीचा कागद देणार का? वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात त्याला. "होईल रे, तू ये तर आधी" असं उत्तर आलं तर ते "नाही" असं समजायचं.

मी स्टुटगार्टला आले तेव्हा माझी खोली पुण्यातच ठरली होती. काकांच्या मित्राची मुलगी तिथे राहायची. मी निघण्यापूर्वी फोनवर तिला हेच विचारलं होतं आणि "होईल गं" हेच ऐकलं होतं. ताई माणूस म्हणून लाख चांगली. स्टेशनवर घ्यायला आली, पोचल्या पोचल्या गरम वरणभात वाढला. जेवण झाल्यावर मी कागदाचा विषय काढला. तेव्हा कळलं की करारावर नावं दोघींची, राहतात पाच जणी, आणि मालकाला यातलं काहीच माहीत नाही. "तू माझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर अन्मेल्डुंग कर, सगळ्या तेच करतात."

मी नाही म्हटलं. जिथे राहत नाही तिथला पत्ता लावणं बेकायदा आहे, आणि असा खोटा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढा दंड विद्यार्थ्याला कोणी करत नसेलही, पण आल्या आल्या पहिलीच सही खोट्या कागदावर कशाला करायची?

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "परक्या मुलखात आपलं माणूस मिळालंय आणि तू कागद मागतेस? ती काय तुला घराबाहेर काढतेय का?" मग माझ्या आईला फोन, मग आईचा मला. त्या गदारोळात मी हेरेनबर्गला खोली शोधली. एस-वन लाइनचं शेवटचं स्टेशन, पण युनिव्हर्सिटीला थेट गाडी. घरमालकीण निवृत्त बाई, वर राहायची. तिने चष्मा लावला, फॉर्मवर राहायला आल्याची तारीख घातली, सही केली, आणि मला खाली घेऊन गेली. पोस्टाच्या पेटीवरची जुनी पट्टी नखाने खरवडून काढली आणि माझ्या आडनावाची छापलेली पट्टी सरकवली. त्या पट्टीची किंमत मला पुढे ताईच्या घरातल्या एका मुलीमुळे कळली.

तिने मैत्रिणीच्या पत्त्यावर नोंदणी केली होती. नोंदणी झाली की टॅक्स आयडी पोस्टाने येतो, कोणी फोन करून सांगत नाही. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. तसंच झालं. तिला वेर्कश्टुडेंटचं, म्हणजे शिकता शिकता करायचं, काम लागलं, आयडी नाही म्हणून पगारातून कर टॅक्स क्लास सहाच्या हिशेबाने कापला गेला, म्हणजे सगळ्यात जास्त. रिटर्न भरलं की पुढच्या वर्षी पैसे मिळतात, खरं आहे. भाडं मात्र याच महिन्यात द्यायचं असतं. व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवतो त्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यात भाडं आणि विमा गेला की उरतं काय? आणि व्हिसानंतरचा रेसिडेन्स परमिट? त्यालाही नोंदणीचा कागद लागतोच.

आता रुळण्याचं. रविवारी दुकानं बंद, शनिवारी सामान भर. काचेच्या बाटल्या रविवारी कंटेनरमध्ये टाकू नकोस, शेजारी बोलतात. थंडीतही खिडकी पाच मिनिटं पूर्ण उघडायची, नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि डिपॉझिटमधून कापून घेतात. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा, म्हणजे हीटिंग वगैरे खर्च सोडून नुसत्या भाड्यापेक्षा, जास्त मागता येत नाही, रोख दिलंस तर पावती घे. रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येईल, टीव्ही नसला तरी. ती घरटी असते, माणशी नाही, त्यामुळे शेअर फ्लॅटमध्ये एकानेच भरायची आणि वाटून घ्यायची. आमच्याकडे, स्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन भागात, केरवोखे असतो: दाराच्या मुठीला पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुझी. मला तर ती पाटी पहिल्यांदा दिसली तेव्हा बरंच वाटलं. ताईच्या घरी माझं नाव कुठेच नव्हतं, इथे झाडू मारायला का होईना, बाईने मला घरातली म्हणून धरलं होतं.

एक राहिलं. सगळेच सीनियर असे नसतात. तुझा सीनियर मुख्य भाडेकरू असेल आणि मालकाने त्याला पोटभाडेकरू ठेवायची परवानगी दिली असेल, तर त्या कागदावर तो स्वतःही सही करू शकतो. मग बिनधास्त जा, पहिली थंडी आपल्या माणसांत सोपी जाते, हे मीही नाकारत नाही. ते जमणार नसेल तर श्टुडिरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेच्या, होस्टेलच्या यादीत आजच नाव घाल. यादी लांब असते, ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू व्हायची वाट बघत बसू नकोस.

काका अजूनही लग्नाकार्यात भेटले की चारचौघांत म्हणतात, "हिला माणसांपेक्षा कागद प्यारे." काका, ताईच्या बाळंतपणात तिच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं ते एकदा तिलाच विचारा. तिच्याकडे फुकटचा आसरा घेऊन राहिले असते तर आम्ही वर्षाच्या आत भांडलो असतो, आणि हे मी नाही, ताई म्हणते.