‘सांगा’चं ‘टेल मी’ होत नाही

प्रश्न: मी लातूरची. पुढच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला रुजू व्हायचंय. परदेशी पाहुण्यांना ‘काही मदत हवी का’, ‘काही विचारायचं असेल तर विचारा’ हे इंग्रजीत नम्रपणे कसं म्हणायचं?

उत्तर:

ताई, मी १४ वर्षं वेरूळला गाईड आहे. माझी इंग्रजी शाळेत कमी अन् लेण्यांच्या अंगणात जास्त घडली. तेव्हा व्याकरण नाही, खाल्लेल्या ठेचा सांगतो.

सुरुवातीला पाहुण्याचा फोन आला की मी म्हणायचो, ‘येस सर, टेल मी.’ आपलं ‘हां, बोला’ उचलून इंग्रजीत ठेवलं, बस्स. पण ‘बोला’मधला सगळा मान त्या शेवटच्या कान्यात आहे. काना काढा, ‘बोल’ उरतं. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळ्यांना एकच ‘यू’, अन् क्रियापदाला मान लावायची सोयच नाही. त्यामुळं ‘टेल मी’ समोरच्याला ‘हं, बोल लवकर’ असं लागू शकतं. पुढं ‘प्लीज’ जोडलं तरी हुकूम तो हुकूमच, फक्त इस्त्री केलेला. तिकडं मान येतो तो वाक्याचा प्रश्न केला की: ‘हाऊ कॅन आय हेल्प यू?’ काउंटरवर एवढं एक वाक्य दिवसभर पुरतं.

‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ मात्र चुकूनही नको. गुलमंडीवरचा दुकानदार ‘काय पाहिजे ओ ताई?’ म्हणतो त्यात आपुलकी असते. इंग्रजीत तेच ‘काय काम आहे तुझं इथं?’ असं ऐकू येतं.

स्वतःहून मदत करायची तर ‘वुड यू लाइक मी टू...’ एवढं पाठ करा अन् पुढं लागेल ते जोडा: कॉल अ टॅक्सी, चेक द टायमिंग्ज. मराठीत ‘मी टॅक्सी बोलावू का?’ म्हणतो, तेच हे. सामान दिसलं की ‘शॅल आय टेक दॅट फॉर यू?’ किंवा ‘वुड यू लाइक अ हँड विथ दॅट?’ इथं ‘हँड’ म्हणजे मदत, हे मला लई उशिरा कळलं.

अन् उत्तर ‘नो थँक्स, आय ॲम फाइन’ आलं, तर तिथंच थांबा. हे आपल्याला जड जातं. आपल्याकडं पाहुणा तीनदा ‘नको, नको’ म्हणतो अन् चौथ्यांदा कप हातात घेतो. आग्रह केला नाही तर घरी जाऊन नावं ठेवतो. मी एका आजींना पायऱ्या उतरताना तीनदा हात देऊ केला. तिसऱ्या वेळी त्यांनी काठी माझ्याकडं रोखली. त्यांचं पहिलं ‘नो’ खरंच ‘नो’ होतं.

आता प्रश्न विचारायला लावायचं. इथली माझी फजिती अजून माझे सोबती सांगतात. कैलास लेणं, म्हणजे १६ क्रमांकाचं, एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलंय, हे रंगवून सांगितलं अन् शेवटी विचारलं, ‘एनी डाउट्स?’ एक इंग्रज बाई गंभीरपणे म्हणाल्या, ‘नो, नो, आय बिलीव्ह यू.’ आपल्याला वर्गात मास्तर ‘काही शंका?’ विचारायचे, तेच डोक्यात. पण त्यांच्या लेखी ‘डाउट’ म्हणजे सांगितलेलं खरं वाटत नाही, असा संशय. तेव्हापासून ‘डू यू हॅव एनी क्वेश्चन्स?’ विचारतो अन् दहा सेकंद गप्प उभा राहतो. गप्प राहिल्याशिवाय कुणी विचारत नाही. जरा सैल बोलायचं तर ‘फील फ्री टू आस्क मी एनीथिंग.’ ‘डू यू अंडरस्टँड?’ नको, त्यात समोरच्याची परीक्षा घेतल्यासारखं होतं.

लेखी निरोपात ‘प्लीज डू नॉट हेझिटेट टू कॉन्टॅक्ट मी’ चालतं, पण ते जरा सरकारी वाटतं. मी साधं लिहितो. वेरूळ मंगळवारी बंद अन् अजिंठा सोमवारी, यावर तुम्हाला रोज कुणीतरी अडेलच, म्हणून हाच नमुना देतो: ‘एलोरा इज क्लोज्ड ऑन ट्यूजडेज. वुड यू लाइक मी टू बुक अ कार टू दौलताबाद इन्स्टेड? लेट मी नो इफ यू हॅव एनी क्वेश्चन्स.’ शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहू नका. ते आपल्याकडंच चालतं; ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, उत्तराला ‘रिप्लाय’.

प्रश्न कळला नाही तर ‘व्हॉट?’ ऐवजी ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ कळला पण उत्तर येत नसेल तर ‘लेट मी फाइंड आउट फॉर यू.’ परवाच एकानं लेण्यासमोरच्या झाडाचं नाव विचारलं. मला येईना. हेच वाक्य म्हणून पहारेकऱ्याला विचारून आलो. कडुलिंब होता ओ! पण इंग्रजीत कडुलिंबाला ‘नीम’ म्हणतात, ते काही ऐनवेळी आठवलं नाही.