पाढा पाठ आहे, पण मधलाच विचारला की गाडी अडते

शाळा सुरू होऊन महिना झाला की पाढ्यांचे प्रश्न येतात. यंदा बरेचसे फ्लॅशकार्डांबद्दल, म्हणजे पुढे प्रश्न आणि मागे उत्तर लिहिलेल्या कार्डांबद्दल आहेत. तिसरी-चौथीला गणित शिकवताना जे हाताला लागलं, त्यावरून उत्तरं देते आहे.

मुलगी तिसरीत आहे. सातचा पाढा घडाघडा म्हणते, पण 'सात आठे किती?' विचारलं की बोटं मोजत 'सात एके सात'पासून सुरू करते. कार्डांनी फरक पडेल का? (एक आई, नाशिक)

पडेल. तिला पाढ्याची चाल येते, सुटं उत्तर येत नाही. आरतीचं तिसरं कडवं कुणी अचानक विचारलं तर आपणही पहिल्यापासून गुणगुणत तिथवर जातो, तसंच हे. कार्ड ती साखळी तोडतं आणि नेमकी मधली कडी विचारतं.

पण बहुतेक घरांत कार्ड 'दाखवलं' जातं. पुढे ७ × ८, लगेच उलटून ५६, मूल वाचतं, पुढचं कार्ड. यातून काही होत नाही. उत्तर डोळ्यांनी वाचून पक्कं होत नाही, डोक्यातून ओढून काढावं लागतं तेव्हाच पक्कं होतं. म्हणून कार्ड समोर धरून तीन-चार सेकंद शांत बसा. ही शांतता आईबाबांनाच जास्त जड जाते! नाही आलं तर उत्तर सांगा, तिच्याकडून 'सात आठे छप्पन्न' असं अख्खं म्हणवून घ्या आणि ते कार्ड तळाशी न टाकता गठ्ठ्यात वरून चौथ्या जागी खोचा. मिनिटभरात ते पुन्हा वर येतं आणि या वेळी उत्तर तिचं तिला सापडतं. तो चेहरा बघण्यासारखा असतो.

एखादं कार्ड काही केल्या बसतच नसेल तर ते बाजूला ठेवा आणि चिंचोके काढा. एका ओळीत आठ, अशा सात ओळी. पाच ओळींनंतर मध्ये पट्टी ठेवा. वर चाळीस, खाली सोळा. हे एकदा हाताने मांडलेलं मूल छप्पन्न विसरलं तरी त्याला परतीची वाट माहीत असते.

शंभर कार्डांचा तयार संच आणला. रोज सगळी घेतो, अर्धा तास जातो, मुलगा कंटाळतो. (एक बाबा, ठाणे)

मीही कंटाळले असते. शंभराची गरजच नाही, हिशोब करून पाहा. ७ × ८ आणि ८ × ७ एकच, म्हणून शंभराची झाली पंचावन्न. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे मुलांना सहसा येतातच, ते काढा. उरतात फक्त एकवीस. ही एकवीस कार्डं मुलासमोर मांडा आणि सांगा, 'एवढंच राहिलंय.' शंभरांच्या डोंगरापेक्षा हे ऐकून त्याच्या खांद्यावरचा भार खरोखर उतरतो. त्यातही नऊची सहा कार्डं सोपी आहेत: नऊ साते म्हणजे सत्तरातून सात वजा.

आता तीन डबे घ्या. नवी आणि अडणारी कार्डं पहिल्या डब्यात, ती रोज विचारायची. बरोबर आलं की कार्ड दुसऱ्या डब्यात, एक दिवसाआड. तिथेही आलं की तिसऱ्यात, आठवड्यातून एकदा. चुकलं की पुन्हा पहिल्यात. ही डब्यांची युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२मध्ये लोकांपुढे आणली. दिवसाला दोन-तीनच नवी कार्डं, आणि सगळं मिळून दहा मिनिटं. बाजारचा संच लागतही नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापा आणि आकडे मुलालाच लिहू द्या.

आम्ही दिवेलागणीला शुभं करोति झालं की परवचा म्हणायचो. पावकी, निमकी, दिडकी, सगळं तोंडपाठ. ही कार्डं म्हणजे ते सगळं मोडीत काढणं नाही का? (एक आजोबा, सातारा)

आजोबा, नाही. परवचा हवाच. 'बे त्रिक सहा, बे चोक आठ' या लयीत उत्तर कानात बसतं, आणि कानात बसलेलं असेल तरच कार्ड ते बाहेर काढू शकतं. आधी म्हणणं, मग उलटसुलट विचारणं. तुमच्या वेळीही मास्तर मधूनच 'सात नवे?' असं विचारत असणारच. ते काम आता कार्ड करतं.

पावकी-निमकीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-मणाची मापं होती तेव्हा पाव, पाऊण, दीड, औट (म्हणजे साडेतीन) यांचे पाढे रोजच्या बाजारात लागत. १ एप्रिल १९५७पासून दशमान नाणी आली आणि ती निकड संपली. तिसरीच्या मुलावर औटकी लादू नये. पण पावकी, निमकी आणि दिडकी नातवाला गंमत म्हणून जरूर शिकवा. पाव किलो, दीड लीटर आजही दुकानात बोललं जातं, आणि पुढे अपूर्णांक आले की त्या मुलाला ते ओळखीचे वाटतात.

मुलगा इंग्रजी माध्यमात आहे, घरी आजी मराठीत पाढे घेते. 'सात नवे त्रेसष्ट' बरोबर म्हणतो आणि ३६ लिहितो. कार्ड कोणत्या भाषेत करू? (एक आई, पुणे)

कार्डावर फक्त आकडे असू द्या, शब्द नकोत. त्रेसष्ट म्हणताना आधी तीन ऐकू येतात, लिहिताना आधी सहा येतात. पाढा येतोय, गोंधळ आकड्याच्या नावात आहे. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला! मला स्वतःला त्रेसष्ट सोडवत नाही, पण त्या रीतीमागची अडचण खरी आहे, ती मी दरवर्षी वह्यांत पाहते. म्हणून आठवडाभर त्याला उत्तर बोलून झालं की पाटीवर लिहायलाही लावा आणि विचारा, 'साठ किती, सुटे किती?' म्हणणं मराठीत चालू द्या. 'सात सक बेचाळीस' तोंडात पटकन बसतं. फक्त आज मराठी, उद्या इंग्रजी असं एकाच कार्डाला करू नका.

घड्याळ लावून भावंडांची शर्यत लावत होतो. आता धाकटा कार्डं पाहूनच रडतो. (एक बाबा, नागपूर)

घड्याळ आजच काढून ठेवा आणि शर्यतही. भीती वाटत असताना मुलाचं अर्धं डोकं त्या भीतीतच गुंतलेलं असतं, आठवायला जागा उरत नाही. मग येणारं उत्तरही हुकतं आणि 'मला गणित येत नाही' हे मात्र पक्कं पाठ होतं. वेग सरावाने आपोआप येतो.

आठवडाभर कार्डं कपाटात राहू द्या. मग बाहेर काढाल तेव्हा गठ्ठा त्याच्या हातात द्या. त्याने विचारायचं, तुम्ही उत्तर द्यायचं, बरोबर की चूक ते त्याने ठरवायचं. मधून एखादं उत्तर मुद्दाम चुकवा. 'बाबा, आठ चोक बत्तीस!' असं तो स्वतःहून ओरडला की पुढच्या दिवशी विचारायची पाळी तुमची घ्या, तीही फक्त पाच कार्डांची: चार त्याला येणारी, एक नवं. मोठ्या भावंडाला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा.